बोलणी चालू असताना मेंढरं कुठं असतात?

सोनकी फुलली की माझा जीव गुदमरतो. हे ऐकून लोक हसतात. भाद्रपद सरता सरता नाणेघाटाच्या पठारावर गाड्यांची रांग लागते, पुण्याची माणसं पिवळ्या फुलांत आडवी पडून फोटो काढतात आणि जाताना फुलांवरच बाटल्या टाकून जातात. मीही एकदा गेलो होतो, बाटल्या गोळा करायच्या मोहिमेत. पोती भरून झाल्यावर सगळे वडापाव खायला बसले. मी मात्र फुलांकडे पाठ करून बसलो. कारण अशी पिवळी फुलं मी एका अख्ख्या हंगामात रोज बघितली आहेत. तळघरातून. जमिनीला लागून असलेल्या हातभर झरोक्यातून. झरोक्याला जाळी, जाळीपलीकडे गवत, गवतात फुलं आणि फुलांमधून जाणारे येणारे लष्करी बूट. बुटांच्या वरचा माणूस कधी दिसला नाही.

ते तळघर आफ्रिकेतल्या एका देशाच्या राजधानीत होतं, एका हॉटेलाखाली. देशाचं नाव लिहीत नाही. आपल्याकडची पोरं अजून तिथं कामाला आहेत, आणि माझ्या तोंडामुळे कुणाचा व्हिसा अडकायला नको.

यंदा ते सगळं जास्तच आठवतंय, कारण यंदा आम्ही राजुरीत घरबसल्या कोंडले गेलोय. पाच वाजले की दारं बंद. शेजारच्या वस्तीवर बिबट्यानं वासरू नेलं, बोरीकडच्या उसात मादी पिल्लं घेऊन बसलीय, अशा बातम्या रोज सकाळी चहाबरोबर येतात. ओसरीला आम्ही वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळी मारून घेतली. बिबट्या बाहेर मोकळा आणि पिंजऱ्यात माणसं, ही ओळ मी आमच्या शेतकरी संघटनेच्या पत्रकात टाकली तेव्हा सगळ्यांना फार आवडली. मला तेव्हाच ती जरा स्वस्त वाटली होती. आई गळ्यात खिळ्यांचा पट्टा अडकवून घास कापायला जाते. आमच्यात पूर्वीपासून मेंढरांच्या कुत्र्यांना असला पट्टा घालतात, बिबट्यानं मान धरू नये म्हणून. आई पट्ट्याचं बक्कल लावत म्हणते, "आता भुंकायचं तेवढं शिकायचं ऱ्हायलंय." आणि एकटीच हसते. मला हसू येत नाही. दिवसा वीज द्या, उसाच्या कडेची रानं साफ करा, पिंजरे वाढवा, हे आम्ही ओरडून सांगून थकलो.

शेवटी वनखात्याबरोबर बैठक लागली. कुठं? हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात, वातानुकूलित सभागृहात. आमच्या संघटनेला दोन माणसं आणायची परवानगी. मी तात्यांना म्हटलं, चला. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. आमच्या भावकीत मेंढरं राखणारे आता तेवढेच उरलेत. बाकी आम्ही सगळे शेतीला लागलो. गेल्या महिन्यात त्यांच्या दोन मेंढ्या गेल्या. तात्यांनी पटका सोडला, परत बांधला आणि विचारलं, "तिथं बिबट्या येणार हाय का?"

नाही म्हटलं.

"मंग मेंढरं आणायची का आमी?"

तेही नाही.

"मंग बोलणी कशाची?"

हा प्रश्न बावळटपणाचा नव्हता आणि टोमणाही नव्हता. तात्यांच्या डोक्यात बोलण्यांची एक रीत पक्की आहे, आणि ती मी लहानपणी एकदा डोळ्यांनी बघितली आहे. एकाच शेतकऱ्यानं चुकून दोन कळपांना आपल्या रानात बसायला बोलावलं होतं. मेंढरं रानात बसली की लेंडीखत होतं आणि मेंढपाळाला बदल्यात धान्य मिळतं. दोन्ही कळप सकाळी त्याच रानाच्या दोन कडांना येऊन उभे. कोण बसणार? भांडण लागलं. तेव्हा जाणत्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर दोन्ही कळप वाघुरीत घातले. वाघूर म्हणजे खुंट्यांना बांधलेली दोरीची जाळी, मेंढरांचं कुंपण. बोलणी मिटेपर्यंत एकही मेंढी चरायला सोडायची नाही, ना तुझी ना माझी. आणि बोलणी कुठं? दोन वाघुरींच्या मधल्या बांधावर. ऊन चढलं तशी मेंढरं ओरडायला लागली. सुरुवातीला दहा, मग शंभर, मग कानठळ्या बसतील एवढी. माणसांना एकमेकांचं ऐकू येईना. सकाळी एकमेकांच्या सात पिढ्या काढणारे लोक जेवणवेळेच्या आत मिटवून मोकळे झाले. तात्या अजून म्हणतात, "माणूस लई येळ खोटं बोलू शकतो. पण त्याची मेंढरं वरडाया लागली की न्हाई."

मी त्यांना बैठकीला नेलं. तिथं काचेच्या बाटलीतलं पाणी मिळालं. सभागृहाची दारं इतकी छान बसवलेली, की हायवेवरचा ट्रकसुद्धा ऐकू येत नव्हता. दार मिटलं आणि कानात तो बधिरपणा भरला, तसा मी तिथून उठून थेट त्या तळघरात जाऊन पोचलो.

अवसरीच्या कॉलेजातून मी मेकॅनिकल झालो. शिकताना अभ्यासापेक्षा पत्रकं जास्त लिहिली. एसटीच्या फेऱ्यांसाठी, मेसच्या जेवणासाठी, वसतिगृहाच्या पाण्यासाठी. पत्रक लिहिण्याचे नियम मला वर्कशॉपच्या नियमांपेक्षा पाठ: मथळा ठोक, पहिल्या ओळीत कुणाचं चुकलं ते सांग, शेवटच्या ओळीत काय पाहिजे ते सांग, मध्ये रडगाणं नको. पत्रकांवर पोट भरत नाही हे घरच्यांनी पटवून दिलं. एका ठेकेदार कंपनीनं परदेशातल्या हॉटेलच्या देखभालीसाठी माणसं उचलली, त्यात मी गेलो. बॉयलर, पंप, जनरेटर, वातानुकूलन. हॉटेल असं, की त्याच्या दारातल्या कारंज्याला आमच्या वाडीपेक्षा जास्त पाणी लागायचं. संगमरवर, झुंबरं, आणि खोल्यांमध्ये उशा निवडायला वेगळं कार्ड. मला ते सगळं उलट्या बाजूनं माहीत होतं. झुंबर म्हणजे किती भार, कारंजं म्हणजे कुठला पंप.

तिकडंही पावसाळा आपल्याच महिन्यांत, पण थंड. उंचावरचं शहर. पाऊस हाडात शिरायचा. त्या पावसाळ्याच्या मध्यावर हॉटेलात बोलणी आली. त्या देशाच्या एका टोकाला लढाई चालली होती, वर्षाहून जास्त. दोन्ही बाजूंचे पुढारी आमच्या हॉटेलात बसून ती थांबवायचं ठरवणार होते. ज्या सकाळी ते आले, त्या सकाळी गेटं बंद झाली. बातम्या फुटू नयेत म्हणून आत असलेले नोकर आत राहिले, बाहेर असलेले बाहेर. आमचे फोन एका पिशवीत गोळा झाले. रात्रपाळी करून घरी निघालेला एक स्वयंपाकी गेटपाशीच अडकला. त्याच्या हातात मुलासाठी घेतलेला पाव होता. किती दिवस? विचारलं तर सांगायचे, बोलणी मिटेपर्यंत. आम्ही मेजवान्यांच्या खुर्च्या ठेवायच्या खोलीत गाद्या टाकल्या. घरी कंपनीनं निरोप दिला म्हणे. आई नंतर म्हणाली, तिला वाटलं पोरगं जेलात हाय आन् ही लोकं गोड बोलत्यात.

मुलूची आणि माझी ओळख त्या कोंडवाड्यातली. ती लाँड्रीत इस्त्री करायची. चाळिशीच्या आसपासची, उंच, कपाळावर गोंदण. माझं नाव तिला उच्चारता येत नसे असं नाही, पण ती मला "इंडिया" म्हणायची. तिला शाळेत गणित शिकवणारा मास्तर भारतीय होता, आणि त्यानं तिला खूप छड्या मारल्या होत्या. त्याचा राग ती माझ्यावर काढायची. आमचं बोलणं दोघांच्याही मोडक्या इंग्रजीत. तिची आई, धाकटी बहीण आणि बहिणीची अंगावर पिणारी लेक अशा तिघी त्या लढाईच्या मुलखात अडकल्या होत्या. रस्ता बंद. बँक बंद. फोन बंद. वर्षभरात एक शब्द नाही. जिवंत आहेत का, एवढंच तिला कळायला हवं होतं. आणि वर पाचव्या मजल्यावर जे बसले होते, त्यांच्या कागदावरच्या कलमांत एक कलम फोनचं होतं, हे चहा घेऊन वर जाणाऱ्या पोरींनी तिला सांगितलं होतं.

ती कपड्यांना इस्त्री करायच्या मोठ्या प्रेसच्या तापलेल्या पत्र्यावर कॉफीच्या हिरव्या बिया भाजायची. चूल पेटवायला बंदी, म्हणून ही युक्ती. भाजताना धूर व्हायचा, तो चादरींना लागायचा, आणि वर त्या पुढाऱ्यांना कॉफीच्या वासाच्या चादरी मिळायच्या. कॉफीबरोबर मक्याच्या लाह्या. तीन वेळा कप भरायचा, पहिला कडक, मग पातळ, मग आणखी पातळ. तिसरा कप न पिता उठलं तर तिला राग यायचा. बाहेर झरोक्यात फुलं यायला लागली होती. तिच्या भाषेत ती फुलं आली म्हणजे पाऊस संपला, नवं वर्ष आलं. पोरी ती तोडून दारोदार गाणी म्हणत फिरतात. "या वर्षी कोण फिरणार," ती म्हणायची. आणि पुढचा कप भरायची.

मी डोक्यात पत्रकं लिहीत होतो. कागदावर नाही, कारण आमची झडती व्हायची. मथळा: 'पाचव्या मजल्यावर सफरचंदं, मुलखात उपास'. कुणाचं चुकलं: सगळ्यांचं. काय पाहिजे: आजच्या आज सही. कारण वर काय चाललं होतं ते आम्हाला कळायचं. सगळं दोन्ही बाजूंना सारखं लागायचं. एका बाजूच्या खोलीत पिवळी फुलं बारा तर दुसऱ्या बाजूलाही बारा. एकाची लिफ्ट आधी आली म्हणून दुसऱ्यानं जिना चढून निषेध केला. खुर्च्यांची उंची मोजली. राव, पाण्याच्या पाळीवरून बांधावर कोयते काढणारी आमची माणसं यांच्यापेक्षा बरी, निदान पाणी तरी खरं असतं.

मग बॉयलर गेला. दोन बॉयलर होते, डाव्या भागाला एक, उजव्या भागाला एक. डावीकडच्याचा बर्नर बसला आणि डावीकडच्या पुढाऱ्याला पहाटे थंड पाण्यानं अंघोळ करावी लागली. उजवीकडे गरम. झालं. मुद्दाम केलंय, अपमान आहे, म्हणून त्यांनी बैठकीला जायचं नाकारलं. सुटा भाग शहरातून यायचा, पण गेटं बंद, परवानग्या. हॉटेलच्या साहेबांनी मला बोलावून एकच सांगितलं: दोन्हीकडे सारखं कर.

सारखं करणं सोपं होतं. चालू बॉयलरचं पाणी एक व्हॉल्व्ह उघडून दोन्हीकडे सोडायचं. दोघांनाही कोमट मिळालं असतं. मी व्हॉल्व्हपाशी उभा राहिलो आणि मला तात्यांचा बांध आठवला. दोन्ही कळप वाघुरीत. ना तुझी ना माझी. मी कोमट पाणी सोडलं नाही. उजवीकडचंही बंद केलं. सगळं हॉटेल गार. सारखं करा म्हणालात, सारखं केलं.

त्या थंडीत ते लोक कसे ओरडले असतील याचा विचार करून मी खूश होतो. संध्याकाळी चहावाल्या पोरी हसत खाली आल्या. दोन्ही बाजूंनी मिळून साहेबांकडे एक तक्रार दिली होती, खाली दोन्हीकडच्या सह्या. एवढ्या आठवड्यांत दोघांनी मिळून सही केलेला पहिला कागद, आणि त्यावर लिहिलेलं: पाणी गार आहे. तळघरात लोक पोट धरून हसले. गेटपाशी अडकलेला तो स्वयंपाकीसुद्धा.

मुलू हसली नाही. ती बॉयलरखोलीत आली. ती कधी तिकडं येत नसे, तिला त्या आवाजाची भीती वाटायची. तिनं विचारलं, हे तू केलंस? मी अभिमानानं तिला सगळं सांगितलं. मेंढरं, वाघूर, दोन कळप, बांध, ओरडणं, जेवणवेळेच्या आत मिटलेलं भांडण. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिच्या आजोळीही गुरं होती, तिला ते सगळं कळलं.

"तुमच्या त्या गोष्टीत," ती म्हणाली, "मेंढरं कुणाची असतात?"

म्हटलं, भांडणाऱ्यांचीच.

"इथं मेंढरं कोण आहेत, इंडिया? ते वरचे? त्यांना दोन दिवस थंडी वाजेल, मग ते विमानात बसून दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या हॉटेलात जातील. तिथं गरम पाणी असेल. पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करतील." तिनं प्रेसनं भाजलेला आपला अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला होता. "वाघुरीत माझी आई आहे. तिचं ओरडणं पाचव्या मजल्यावर जात नाही. तू त्यांना गरम पाणी दे. पाय चेपून दे. त्यांना इथून उठावंसं वाटता कामा नये."

मी व्हॉल्व्ह उघडला. सुटा भाग येईपर्यंत तापमान पुन्हा पुन्हा तपासत राहिलो, डावीकडे किती, उजवीकडे किती. ज्यांच्या नावानं मुठी आवळायच्या, त्यांच्याच अंघोळीचं पाणी मी जीव लावून तापवत होतो. आणि ते माझ्या तत्त्वांच्या विरुद्ध आहे असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण प्रेसपाशी ती बाई उभी होती. दारावरचे बंदूकवाले शिपाई मला त्यापुढे काहीच वाटले नाहीत. ते एक दिवस निघून जाणार होते. हा पेच कसा जाणार?

त्या हायवेवरच्या हॉटेलात, बिबट्याच्या बैठकीत, तात्या एकदाच बोलले. एक अधिकारी पडद्यावर नकाशे दाखवत होते, चांगला माणूस होता, कळकळीनं बोलत होता. तात्या उठले आणि म्हणाले, साहेब, पुढली बैठक आमच्या मेंढरांच्या वाड्यावर घ्या, दिवस मावळताना, म्हंजी कुत्री काय म्हनत्यात ते बी ऐकता येईल. लोक हसले. अधिकारीही हसले आणि म्हणाले, सुरक्षेचा प्रश्न येईल, काका. तात्यांनी मान हलवली. त्यांना ते खरंच पटलं असावं. मला टेबलावरची बाटली फेकावीशी वाटली. फेकली नाही. शेवटी निवेदन दिलं, फोटो काढला, आणि लवकर निघालो, कारण पाचच्या आत घरी पोचायचं होतं. गाडीत तात्या म्हणाले, "पानी मातर झ्याक व्हतं त्यांचं."

त्या हंगामाच्या शेवटी वर सही झाली. गरम पाण्यामुळे झाली की गार पाण्यामुळे, की आणखी कशामुळे, मला माहीत नाही, आणि मी बढाईही मारत नाही. आम्हा सगळ्या नोकरांना धुतलेले गणवेश देऊन दिवाणखान्यात रांगेनं उभं केलं. पुढारी हातात हात घालून झुंबराखालून आले. टाळ्या वाजवायच्या होत्या. मी वाजवणार नव्हतो. वर्षभर माणसं मारून गळाभेट घेणाऱ्यांना टाळ्या? माझ्या शेजारी मुलू जोरजोरानं टाळ्या वाजवत होती, भाजलेल्या अंगठ्यासकट. तिनं न थांबता माझ्याकडे बघितलं. मी वाजवल्या.

गेटं उघडली. स्वयंपाकी रिकाम्या हातानं घरी गेला. पिशवीतले फोन परत मिळाले. पण मुलूच्या गावचे फोन काही लगेच सुरू झाले नाहीत. टप्प्याटप्प्यानं, असं कागदावर लिहिलेलं होतं. ती घरी जायला मोकळी होती, तरी लाँड्रीतच थांबायची. रोज कॉफीच्या तिसऱ्या कपाला आईच्या घरचा नंबर लावायची. फोन इस्त्रीच्या टेबलावर ठेवायची, आवाज मोठा करून. तिकडून रेकॉर्ड केलेली एक बाई रोज तेच गोड आवाजात सांगायची. मलाही तिच्या भाषेतलं तेवढं वाक्य पाठ झालं. बाहेर फुलं वाळायला लागली. मोकळं गेट समोर दिसत होतं आणि आमच्यातलं कुणीही कॉफीच्या वेळी बाहेर जात नव्हतं.

एक दिवस ती बाई बोललीच नाही. घंटा वाजली. प्रेस चालवणाऱ्या पोरीनं मशीन बंद केलं. घंटा वाजत राहिली, आणि मग कुणीतरी फोन उचलला. एका लहान पोरीचा आवाज. मुलू एका दमात काय काय बोलली. मग ती पोर एक छोटंसं वाक्य बोलली, आणि लाँड्रीतल्या सगळ्या बायकांनी तोंडावर हात धरले.

मी विचारलं, काय म्हणतेय?

"विचारतेय, तू कोण," मुलू म्हणाली. "फोन बंद झाले तेव्हा बहिणीच्या या लेकीला बोलता येत नव्हतं."

तिनं आपलं नाव सांगितलं. पोर ते नाव मोठ्यानं ओरडत घरात पळाली. पायांचा आवाज लांब जाताना ऐकू आला. आतून कुणीतरी म्हातारं माणूस खोकलं. मुलू तिथंच फरशीवर बसली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "आई."

मग ती आईशी खूप वेळ बोलली. हसली, रडली, कॉफी गार झाली. बहिणीला फोनवर बोलाव, असं ती म्हणाली नाही. पलीकडून आईनंही बहिणीचं नाव काढलं नाही, एवढं मलासुद्धा कळलं. दोघी पावसाबद्दल बोलत राहिल्या.